कोणाचा रे तू?

बालमित्रांनो, आमच्या राजूरला तुम्ही कधी आला नसाल. यवतमाळ जिल्ह्यात, वणी तालुक्यात आमचं गाव. एका अंगाला कोळशाच्या खाणी, दुसऱ्या अंगाला चुन्याच्या भट्ट्या. त्यामुळे आमच्याकडे धूळसुद्धा दोन रंगांची! खाणीकडून वारा आला की दोरीवरचे कपडे काळे, भट्ट्यांकडून आला की पांढरे. आई म्हणायची, "या गावात करड्या रंगाचे कपडे घालावे, म्हणजे धुवाचं काम नाही."

या गावात अनोळखी मुलगा दिसला की मोठी माणसं त्याला एकच प्रश्न विचारतात. नाव नाही, शाळा नाही, इयत्ता नाही. विचारतात, "कोनाचा रे तू?"

मला हा प्रश्न लहानपणी फार आवडायचा. कारण मी बाबांचं नाव सांगितलं की समोरच्याचा चेहरा उजळायचा. "अरे, त्या बॉलरचा पोट्टा का तू? ये, बस. चहा घे." बाबा खाणीत फिटर होते, पण गावाला ते फिटर म्हणून माहीतच नव्हते. कॉलरीच्या टीमचे ते जलद गोलंदाज. पहिली पाळी संपवून, अंघोळ करून ते क्वार्टरमागच्या मैदानावर यायचे. त्यांच्या कानामागे थोडा कोळसा राहिलेला असायचा. पंधरा पावलं पळत यायचे आणि चेंडू असा टाकायचे की मागे उभ्या असलेल्या आम्हा पोरांना तो दिसायचाच नाही. फक्त स्टंपाचा आवाज यायचा.

आता तुम्ही म्हणाल, यात काय मोठंसं? कॉलरीची टीम म्हणजे काही भारताची टीम नव्हे. खरं आहे. पण गावाला भारताची टीम पेपरात दिसायची, बाबा रोज संध्याकाळी दिसायचे.

आपल्या मराठी नावांची एक गंमत तुमच्या लक्षात आली आहे का? आपलं नाव, मग वडिलांचं नाव, मग आडनाव. बाप मधोमध! हजेरीपटावर, गुणपत्रिकेवर, रेशनकार्डावर सगळीकडे. सुनील मनोहर गावसकर. सचिन रमेश तेंडुलकर. संजय विजय मांजरेकर. यातली पहिली दोन नावं घ्या. मनोहर गावसकर किंवा रमेश तेंडुलकर यांनी किती धावा केल्या, असं कोणी विचारत नाही. सचिनचे वडील तर मराठीचे प्राध्यापक आणि कवी होते. सचिन शून्यावर बाद झाला, तर 'बापासारख्या कविता नाही जमल्या वाटतं' असं काही कोणी म्हणणार नव्हतं. पण तिसरं नाव बघा. संजय विजय मांजरेकर. इथे मधल्या नावालाच ५५ कसोटी सामन्यांचं वजन आहे.

विजय मांजरेकर म्हणजे आपल्या देशाच्या उत्तम फलंदाजांपैकी एक. कसोटीत ३२०८ धावा. त्यांचे मामा दत्ताराम हिंदळेकर हेही भारताचे यष्टिरक्षक. अशा घरात संजयचा जन्म झाला. पुढे संजयने 'इम्परफेक्ट' नावाचं आत्मचरित्र लिहिलं. त्यात त्याने अगदी मोकळेपणाने सांगितलं आहे की वडिलांविषयी त्याच्या मनात भीतीच जास्त होती. हे वाचून मला धक्काच बसला. आपल्याला वाटतं, कसोटीपटू बाप म्हणजे घरातच शिकवणी! पण घराघरात वेगळं असतं.

संजय मुंबईच्या पोदार कॉलेजात शिकला आणि मुंबई विद्यापीठाकडून खेळला. विद्यापीठांच्या रोहिंटन बारिया करंडकाची स्पर्धा १९३५-३६ पासून चालत आली आहे. टीव्हीवर दिवसरात्र सामने नव्हते, त्या काळात कॉलेजातून विद्यापीठात, विद्यापीठातून रणजीत, हीच वर चढायची शिडी होती. संजय ही शिडी चढू लागला तेव्हाच, ऑक्टोबर १९८३ मध्ये, विजय मांजरेकर वारले. वय अवघं ५२. मुलाला भारताकडून खेळताना त्यांनी पाहिलंच नाही. १९८७ मध्ये दिल्लीला पहिल्याच कसोटीत वेस्ट इंडीजच्या विन्स्टन बेंजामिनचा चेंडू संजयच्या डोळ्यापाशी लागला आणि त्याला मैदान सोडावं लागलं. दोन वर्षांनी, १९८९ च्या डिसेंबरात, लाहोरला पाकिस्तानविरुद्ध त्याने २१८ धावा काढल्या. बाद कोणाला करताच आला नाही, शेवटी धावबाद झाला!

मी तेव्हा अकरावीत होतो. बाबा रेडिओला कान लावून बसले होते. द्विशतक झालं तसे म्हणाले, "याचा बाप पाहिजे होता आज." आणि मग माझ्याकडे पाहिलं. मला उगाचच पोटात कसंसं झालं.

संजयच्या कसोटीतल्या धावा शेवटी २०४३ भरल्या. वडिलांपेक्षा कमी. आता सांगा, जगातल्या किती माणसांनी कसोटीत दोन हजार धावा केल्या असतील? तरी हिशेब मांडताना माणसं पहिल्यांदा ३२०८ मधून २०४३ वजा करतात.

पुण्याच्या कानिटकरांची वजाबाकी मात्र मजेदार आहे. वडील हेमंत कानिटकर महाराष्ट्राचे यष्टिरक्षक-फलंदाज. १९७४ मध्ये ते भारताकडून वेस्ट इंडीजविरुद्ध दोन कसोटी खेळले. मुलगा हृषीकेश १९९९-२००० च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात कसोटी खेळला. किती? दोनच! वजा केले तर शून्य. पण लोकांना त्या दोन्ही कसोट्या आठवत नाहीत, आठवतो तो एकच फटका. १८ जानेवारी १९९८, ढाका. पाकिस्तानविरुद्ध ३१५ धावांचा पाठलाग. दोन चेंडूंत तीन धावा हव्या, समोर सकलेन मुश्ताक, अंधार पडत आलेला. हृषीकेशने चौकार मारला आणि आमच्या राजुरात कोणीतरी दिवाळीचे उरलेले फटाके काढले.

तिकडे बडोद्याच्या मराठी घराण्यातले दत्ताजीराव गायकवाड. ११ कसोट्या, १९५९ च्या इंग्लंड दौऱ्यात कर्णधार. त्यांचा मुलगा अंशुमन ४० कसोट्या खेळला. १९८३ मध्ये जालंधरला पाकिस्तानविरुद्ध २०१ धावा करायला त्याने ६७१ मिनिटं घेतली. म्हणजे अकरा तासांहून जास्त! तुमच्या शाळेचे जवळजवळ दोन दिवस. इथे मुलगा बापाच्या पुढे गेला. दोघेही २०२४ मध्ये गेले, वडील फेब्रुवारीत ९५ व्या वर्षी आणि मुलगा जुलैत.

रोहन गावसकरचं तर काय सांगू! सुनील गावसकरांनी त्याचं नाव तीन आवडत्या खेळाडूंवरून ठेवलं: रोहन कन्हाय, जयसिंहा आणि विश्वनाथ. 'रोहन जयविश्व'. वरून आडनाव गावसकर. म्हणजे बाळाच्या पाळण्यातच चार फलंदाज! बाप उजव्या हाताने खेळायचा, हा डावखुरा. मुंबई सोडून बंगालकडून खेळला, त्यांचा कर्णधारही झाला. भारताकडून २००४ मध्ये ११ एकदिवसीय सामने. अर्जुन तेंडुलकरनेही तसंच केलं. वडील फलंदाज, हा डावखुरा जलद गोलंदाज. मुंबई सोडून गोव्याकडे गेला. डिसेंबर २०२२ मध्ये पर्वरीला राजस्थानविरुद्ध रणजीतला पहिलाच सामना, आणि गोलंदाज म्हणवणाऱ्या या पोराने काढल्या १२० धावा! सचिननेही डिसेंबर १९८८ मध्ये रणजी पदार्पणातच शतक केलं होतं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात मथळा कशाचा असणार, तुम्हीच ओळखा. पोराच्या नावापुढे बापाचं शतक.

हे सगळीकडेच असतं, बरं का. अमेरिकेत आपल्या क्रिकेटसारखं वेड बेसबॉलचं. तिथे शाळा संपताच धंदेवाईक संघ मुलांना उचलतात, नाहीतर मुलं कॉलेजच्या संघात खेळून मग पुढे जातात. बॅरी बाँड्स नावाच्या मुलाला १९८२ मध्ये शाळेतून निघतानाच बोलावणं आलं होतं. त्याचे वडील बॉबी बाँड्स नावाजलेले खेळाडू. पण तो आधी ॲरिझोनाच्या कॉलेजात गेला, तिथे खेळला, आणि मग मोठ्या संघात. वडिलांच्या दुप्पट होम रन त्याने मारल्या. आणि केन ग्रिफी बापलेक तर १९९० मध्ये सिअ‍ॅटलच्या एकाच संघातून खेळले. १४ सप्टेंबरला बापाने होम रन मारली आणि पाठोपाठ लेकाने! घरी त्या रात्री जेवताना काय बोलले असतील, याची मला फार उत्सुकता आहे.

असो. आता माझी गोष्ट. ही सांगायची म्हणूनच मी एवढा वेळ दुसऱ्यांच्या गोष्टी सांगत बसलो, हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

बारावीनंतर मी जवळच्या शहरातल्या कॉलेजात गेलो. माझ्यासोबत राजूरचाच एक दोस्त होता. त्याचे वडील चुन्याच्या भट्टीवर मजूर. दोघं रोज एकाच सायकलवर जायचो, जाताना तो पायडल मारायचा, येताना मी. तोही जलद गोलंदाज. आणि मुलांनो, खरं सांगतो, तो माझ्यापेक्षा चांगला होता. थोडाथोडका नव्हे. त्याचा चेंडू पडल्यावर आत यायचा. माझा चेंडू जिथे पडेल तिथून सरळ जायचा, सभ्य माणसासारखा.

कॉलेजच्या टीमची निवड होती. मैदानात पन्नासेक पोरं. सरांनी प्रत्येकाला सहा चेंडू टाकायला दिले. माझी पाळी आली. मी पळायला सुरुवात करणार तोच सरांनी विचारलं, "राजूरचा ना? कोणाचा रे तू?"

मी बाबांचं नाव सांगितलं.

"अरे!" सर खुर्चीवरून उठलेच. "तुझ्या बापानं माझी दांडी उडवली होती! दोनदा!" आजूबाजूच्या सगळ्यांना त्यांनी तो किस्सा हातवारे करून सांगितला. माझे सहा चेंडू टाकून झाले तेव्हा ते अजून किस्सा सांगतच होते. शेवटचे दोन चेंडू त्यांनी पाहिले असतील-नसतील. वहीत माझं नाव लिहिलं.

मग माझ्या दोस्ताची पाळी. त्यालाही त्यांनी विचारलं, "तू कोणाचा?" त्याने सांगितलं. सर म्हणाले, "बरं. टाक." त्याने टाकले. दोन दांड्या उडाल्या. सर म्हणाले, "छान आहे, छान आहे." आणि त्याचं नाव राखीव खेळाडूंत गेलं.

सर वाईट नव्हते. त्यांनी मुद्दाम काही केलं असंही मला वाटत नाही. त्यांना माझ्यात बाबा दिसत होते, एवढंच.

परत येताना पायडल मारायची पाळी माझी होती. मागे बसलेला दोस्त काहीच बोलला नाही. मीही नाही. रेल्वे फाटकाशी थांबलो तेव्हा तो म्हणाला, "अभिनंदन बे." मी म्हणालो, "तूही येशील." झालं.

आंतरमहाविद्यालयीन सामना यवतमाळला होता. बाबांनी पाळी बदलून घेतली आणि एस.टी.ने ते सामना बघायला आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. मला चार षटकं मिळाली. ३८ धावा गेल्या. पाचवं षटक कर्णधाराने दिलं नाही. माझा दोस्त पाण्याच्या बाटल्या घेऊन सीमेबाहेर बसला होता. मधल्या वेळात तो आमच्या एका फलंदाजाला सरावासाठी चेंडू टाकत होता, आणि मी पाहिलं, बाबा सामना सोडून तिकडेच बघत होते.

येताना बाबा आणि मी एस.टी.त शेजारी बसलो. वणी जवळ येईपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग विचारलं, "तो बाटल्यावाला पोट्टा कोनाचा होय?"

"भट्टीवर आहेत त्याचे बाबा."

"त्याले कोनी इचारलं नाही का, कोनाचा म्हनून?"

"विचारलं."

"मंग?"

"मंग काही नाही."

बाबांनी खिडकीची काच खाली केली, परत वर केली. ती काच काही नीट बसत नव्हती. म्हणाले, "मीनं तुह्या सरच्या दांड्या उडवल्या त्या माह्यासाठी उडवल्या. तुह्यासाठी नाही."

बस्स, एवढंच. रागावले नाहीत. सरांकडे जा, असंही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं. मग मी चिडलो असतो, रडलो असतो आणि त्यांनी सांगितलं म्हणून गेलो असतो.

चौथ्या दिवशी मी गेलो. मधले तीन दिवस मी स्वतःला काय काय सांगितलं, ऐका. एक: निवड मी केली नाही, सरांनी केली. दोन: पुढच्या सामन्यात मी चांगला खेळेन. तीन: दोस्तालाही एक दिवस मिळेलच की संधी. चार: गायकवाड, मांजरेकर, दोघांनाही वडिलांच्या नावाचा थोडाफार उपयोग झाला असेल! हे चौथं कारण मला फार आवडलं होतं. मग लक्षात आलं की संजय मांजरेकरला डोळ्यावर चेंडू लागला तेव्हा विन्स्टन बेंजामिनने त्याला 'कोणाचा रे तू' विचारलं नव्हतं. दार कोणीतरी उघडून देतं, पण आत गेल्यावर चेंडू आपल्यालाच खेळावा लागतो. मला तर चेंडू टाकताही येत नव्हता.

सरांना मी सांगितलं, "सर, तो माझ्यापेक्षा चांगला टाकतो. पुढच्या मॅचला त्याला घ्या." सर जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुझ्या बापाने सांगितलं का?" मी म्हणालो, "नाही." आणि त्यांना ते खरं वाटलं नाही, हे मला दिसलं. चांगलं काही केलं तरी श्रेय बाबांनाच! मला हसूही आलं आणि रागही.

पुढच्या सामन्यात दोस्त खेळला. आता तुम्हाला वाटेल, त्याने पाच-सहा बळी घेतले असतील. नाही. एक घेतला. दोन झेल सुटले त्याच्या गोलंदाजीवर, त्यातला एक यष्टिरक्षकाने सोडला. आम्ही हरलो. दुसऱ्या वर्षी त्याचे वडील आजारी पडले आणि तो कॉलेज सोडून भट्टीच्या ऑफिसात कामाला लागला. मी त्या टीममध्ये तीन वर्षं होतो, बहुतेक वेळ बाटल्या घेऊन. पण संध्याकाळी मैदानावर बाबा आम्हा दोघांनाही टाकायला लावायचे, आणि त्याच्या मनगटाकडे जास्त लक्ष द्यायचे. मला वाईट वाटायचं का? हो, वाटायचं. खोटं कशाला सांगू?

आपल्या विदर्भात पुढे उमेश यादव आला. नागपूरजवळच्या वलनीचा, कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा. सैन्यात आणि पोलिसात जायचे त्याचे प्रयत्न फसले होते. २००८ मध्ये तो विदर्भाकडून रणजी खेळला. २०११ मध्ये भारताकडून कसोटी खेळला, विदर्भाचा पहिला कसोटीपटू. ५७ कसोट्यांत १७० बळी. त्याची पहिली कसोटी टीव्हीवर चालू होती तेव्हा बाबा निवृत्त झाले होते. दमा होता त्यांना, खाणीतल्या बऱ्याच जणांना असतो तसा. त्यांनी मला फोन करून सांगितलं, "पाह्य, कॉलरीचा पोट्टा!" आणि लगेच दुसरा फोन त्यांनी माझ्या दोस्ताला केला.

बाबा आता नाहीत. विदर्भाने २०१७-१८ मध्ये दिल्लीला हरवून पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला, तेवढा त्यांनी पाहिला.

हे सगळं आज लिहायचं कारण वेगळंच आहे. माझा मुलगा यंदा अकरावीत गेला. तोही गोलंदाजी करतो. फिरकी! आमच्या घराण्यात कोणी केली नव्हती. गेल्या महिन्यात त्याच्या निवड चाचणीचा अर्ज आला. त्यात रकाने होते: नाव, वडिलांचे नाव, आडनाव. निवड समितीत माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, कॉलेजपासूनचे. मुलाने मधला रकाना भरला नाही. तसाच अर्ज माझ्यापुढे सहीला ठेवला.

मी म्हणालो, "अरे, हे राहिलं."

तो म्हणाला, "नाही राहिलं. सोडलं."

"अर्ज नापास करतील."

"मग तुम्ही त्यांना फोन करू नका. तरच लिहितो."

मी फोन करणार नव्हतो, मुलांनो. जवळजवळ नव्हतोच. फोन हातात होता, पण तो वेळ बघायला घेतला होता, असं मी त्याला सांगितलं. त्याने मान डोलावली. आजोबांसारखीच, काही न बोलता. मग पेन घेतलं आणि मधल्या रकान्यात माझं नाव लिहिलं, अगदी बारीक अक्षरांत.

चाचणी येत्या रविवारी आहे. त्याला सायकलवरून सोडायला माझा तो दोस्त जाणार आहे. मला घरीच थांबायला सांगितलं आहे.